पडद्यावरचा पर्वत

‘दुरून डोंगर साजरे’ असें आपल्याकडे म्हणतात. या म्हणींत डोंगराची निंदा आहे असें नव्हे. दुरून पाहणाराच्या दृष्टीची मर्यादा तींत सांगितलेली आहे. क्षितिजावर निळसर दिसणारी रांग जवळ गेल्यावर खडकाळ निघते, वाट घसरडी निघते, पाण्यासाठीं कोसभर हिंडावें लागतें, आणि त्या डोंगराच्या आधारानें पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या माणसांचीं सुखदुःखें आपल्या कल्पनेहून अगदींच निराळीं आढळतात. आतां, वयामुळें, प्रकृतीमुळें किंवा संसाराच्या व्यापामुळें ज्यांना डोंगर चढणें शक्य नाहीं, त्यांनीं डोंगराचें हें जवळचें रूप कधींच पाहूं नये काय? गेल्या पाऊणशें वर्षांत जगांतील कांहीं डोंगरी गांवांनीं या प्रश्नाचें एक मोठें सुंदर उत्तर शोधून काढलें आहे. तें उत्तर म्हणजे पर्वतविषयक चित्रपटांचा महोत्सव.

चित्रपट म्हटला कीं नायक, नायिका, गाणीं आणि शेवटीं लग्न, असा आपला सर्वसाधारण समज असतो. या महोत्सवांतील बहुतेक चित्रपटांत यांपैकीं कांहींच नसतें. तेथें नायक खरा, कडा खरा, थंडी खरी, आणि पाय घसरला तर मृत्यूही खराच. असे चित्रपट कोठें दाखवितात, त्यांत काय असतें, आणि आमच्या वाचकांच्या घरीं लहानथोरांना त्यांपासून काय घेतां येईल, याचा थोडा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

डोंगरगांवांतले उत्सव

इटलीच्या उत्तरेस, आल्प्सच्या कुशींत, त्रेंतो नांवाचें शहर आहे. तेथें १९५२ सालीं इटालियन आल्पाइन क्लब आणि शहराची नगरपालिका यांनीं मिळून पर्वतांवरील चित्रपटांचा महोत्सव सुरू केला. अशा प्रकारचा जगांतील सर्वांत जुना महोत्सव तो हाच. दरवर्षीं वसंत ऋतूंत तो भरतो. तेथील सर्वोच्च पारितोषिकाचें नांव ‘सुवर्ण जेन्शन’. जेन्शन हें आल्प्सच्या कुरणांत उगवणारें एक निळें रानफूल आहे. एखाद्या राजमुकुटाचें किंवा विजयस्तंभाचें नांव न घेतां रानफुलाचें घ्यावें, यांत त्या लोकांची रसिकता दिसून येते.

त्यानंतर चोवीस वर्षांनीं, म्हणजे १९७६ सालीं, कॅनडांतील रॉकी पर्वताच्या प्रदेशांत बॅन्फ या गांवीं दुसरा एक महोत्सव जन्मास आला. प्रथम तो अवघ्या एका दिवसाचा होता. आज तो आठवड्याहून अधिक दिवस चालतो. इतकेंच नव्हे, तर त्यांतील निवडक चित्रपट नंतर दौऱ्यावर निघतात आणि सुमारें चाळीस देशांत दाखविले जातात. आपल्याकडे कीर्तनकार चातुर्मास संपल्यावर गांवोगांव जातात, तसाच हा प्रकार. पर्वत पाहावयास लोक येऊं शकत नाहींत, तर पर्वतानेंच लोकांच्या गांवीं जावें!

अमेरिकेच्या कोलोरॅडो संस्थानांतील टेल्युराइड येथील महोत्सव १९७९ चा. हें गांव मूळचें खाणींचें. महाबळेश्वराच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर वसलेलें. येथील मंडळींनीं साहसाला लोकजागृतीची जोड दिली. कडे चढणाऱ्यांच्या चित्रपटांच्या शेजारींच नद्या, जंगलें, आदिवासी आणि हवामान यांवरील चित्रपट दाखवावयाचे, आणि तज्ज्ञ, कार्यकर्ते व प्रेक्षक यांनीं एकत्र बसून त्यांवर चर्चा करावयाची, असा तेथील परिपाठ. या गांवाच्या वेशीजवळ सुमारें ५७० एकरांचें मोकळें कुरण होतें. त्यावर घरें उठणार, असा रंग दिसूं लागतांच गांवकऱ्यांनीं २००७ सालीं पांच कोटी डॉलर उभे केले आणि तें कुरण कायमचें मोकळें ठेवण्यासाठीं गांवाच्या मालकीचें करून घेतलें. याचें श्रेय एकट्या महोत्सवास देणें बरोबर होणार नाहीं. परंतु ज्या गांवांत दरवर्षीं असे विषय चारचौघांत बोलले जातात, त्या गांवाच्या हातून अशी गोष्ट घडते, हेंही विसरून चालणार नाहीं.

आणि आपल्या अगदीं शेजारीं, नेपाळांत, हिमाल असोसिएशन या संस्थेनें २००० सालीं काठमांडू येथें आंतरराष्ट्रीय पर्वतचित्रपट महोत्सव सुरू केला. याचें महत्त्व आम्हांस विशेष वाटतें. हिमालयाचीं चित्रें आजवर बहुधा परक्यांनीं काढलीं आणि परक्यांनीं पाहिलीं. ज्यांच्या अंगणांतच हिमालय आहे, त्यांनीं आपल्या गांवीं बसून तीं पाहावीं आणि त्यांवर आपलें मत द्यावें, ही सोय काठमांडूनें केली.

शंभर वर्षांपूर्वींचा एक धडा

परक्यांनीं काढलेल्या चित्रांनीं काय अनर्थ होऊं शकतो, याचें एक जुनें उदाहरण आहे. १९२४ सालच्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेबरोबर कॅप्टन जॉन नोएल नांवाचा छायाचित्रकार होता. मोहिमेच्या चित्रणाचे हक्क त्यानें ८,००० पौंड भरून घेतले होते. दूरचें दाखविणारें भिंग लावून, बोटें गोठविणाऱ्या थंडींत त्यानें जें चित्रण केलें तें आजही पाहणाराला थक्क करतें. ८ जून १९२४ रोजीं मॅलरी आणि अर्विन हे दोघे शिखराच्या दिशेनें गेले ते परत आलेच नाहींत. वरच्या छावणींतील सोबत्यांनीं बर्फावर घोंगड्या क्रूसाच्या आकारांत मांडून ही दुःखद वार्ता खालीं कळविली. ती खूणही नोएलनें दुरून टिपली.

येथपर्यंत सारें उदात्त होतें. परंतु त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ‘दि एपिक ऑफ एव्हरेस्ट’ हा मूकपट लंडनच्या नाट्यगृहांत लागला, तेव्हां प्रेक्षकांच्या मनोरंजनासाठीं नोएलनें तिबेटांतून सात लामा आणविले आणि चित्रपटापूर्वीं रंगमंचावर त्यांच्याकडून मंत्रघोष व नृत्यें करविलीं. ज्या गोष्टी मठांत देवापुढें व्हावयाच्या, त्यांचा परमुलुखांत तिकिटें लावून तमाशा झाला! चित्रपटांतील तिबेटी लोकांच्या राहणीचीं कांहीं दृश्येंही त्यांचें हसें करणारीं होतीं. ल्हासाच्या सरकारास याचा मनस्वी संताप आला. रागाचीं इतर कारणेंही होतीं. पण परिणाम असा झाला कीं, तिबेटच्या बाजूनें पुढची मोहीम नेण्यास ब्रिटिशांना १९३३ साल उजाडावें लागलें. ज्या चित्रपटानें एव्हरेस्टची कीर्ति जगभर नेली, त्यानेंच एव्हरेस्टची वाट कित्येक वर्षें बंद करण्यास हातभार लावला.

हा मूकपट ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनें दुरुस्त करून २०१३ सालीं पुनः प्रकाशांत आणला. मॅलरीचा देह १९९९ सालीं सांपडला. अर्विनच्या संबंधांत २०२४ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या वर्षीं हिमनदींतून एक बूट वर आला. त्यांतील मोज्यावर अर्विनचें नांव शिवलेलें होतें. मोज्यांवर नांव शिवण्याचें काम करणाऱ्या हातांची आठवण आमच्या वाचकभगिनींना आल्यावांचून राहणार नाहीं.

माघारीचें धैर्य

गंगोत्रीच्या वरच्या अंगास, भागीरथी जेथून निघते त्या परिसरांत, मेरु नांवाचें शिखर आहे. पुराणांतला सुवर्णमेरु तो हा नव्हे. तरी याचा मधला सुळका सुमारें ६,३०० मीटर उंच आणि सरळ भिंतीसारखा आहे. शार्क माशाच्या पाठीवरील पराप्रमाणें दिसणारी त्याची धार भल्याभल्यांनीं सोडून दिली होती. २००८ सालीं कॉनरॅड अँकर, जिमी चिन आणि रेनन ओझटुर्क हे तिघे अमेरिकन तेथें गेले. वादळानें त्यांना भिंतीवर टांगलेल्या तंबूंत कोंडून घातलें. आठवडाभराचा शिधा त्यांनीं जवळजवळ तीन आठवडे पुरविला. शेवटीं शिखर अवघें शंभर मीटरांवर राहिलें असतां ते मागें फिरले. तीन वर्षांनीं, २०११ मध्यें, तेच तिघे पुनः गेले आणि शिखरावर पोहोंचले. ‘मेरु’ या २०१५ सालच्या चित्रपटांत ही सारी हकीकत आहे.

चढून जाण्याचें कौतुक सर्वत्र होतें. शंभर मीटरांवरून मागें फिरण्याचें कौतुक करावयास चित्रपटच पाहिजे. परीक्षेंत पहिला नंबर हुकला म्हणून जेवण टाकणाऱ्या आपल्या मुलांना हें चित्र दाखवावें, असें आम्हांस मनापासून वाटतें. ते तिघे त्या दिवशीं हट्टास पेटले असते, तर दुसऱ्या खेपेस जावयास कोणी उरलेंच नसतें.

मागें राहिलेल्यांची बाजू

अशा चित्रपटांविरुद्ध घरोघरचे वडील जो आक्षेप घेतात तो क्षुल्लक नाहीं. ते म्हणतात, “तुमचा वीर कड्यावर चढतो, त्याची आई, बायको, मुलें यांचें काय?” हा प्रश्न आतां खुद्द चित्रपटच विचारूं लागले आहेत.

अ‍ॅलेक्स होनोल्ड या तरुणानें ३ जून २०१७ रोजीं कॅलिफोर्नियांतील एल कॅपिटान हा सुमारें ९०० मीटरांचा उभा कडा दोरावांचून, एकट्यानें, चार तासांच्या आंत चढून दाखविला. त्यावरील ‘फ्री सोलो’ या चित्रपटास २०१९ सालीं ऑस्कर पारितोषिक मिळालें. परंतु त्या चित्रपटांत आम्हांस सर्वांत बोलका वाटला तो एक छायाचित्रकार. कॅमेरा लावून तो खालीं उभा आहे. पण मित्र अवघड जागीं आला कीं त्याला पाहवत नाहीं, आणि तो तोंड फिरवून घेतो. आपण चित्र काढीत आहों म्हणून तर हा चढत नाहीं ना, हा विचार त्या मंडळींना कुरतडीत होता. प्रेक्षकानेंही हा प्रश्न स्वतःस विचारावयास हवा.

दुसरा चित्रपट याहूनही घरगुती आहे. अ‍ॅलेक्स लो हा अमेरिकेंतील नामांकित गिर्यारोहक ५ ऑक्टोबर १९९९ रोजीं तिबेटांतील शिशापांग्मा पर्वतावर हिमप्रपाताखालीं सांपडला. मागें पत्नी आणि तीन लहान मुलगे. त्या अपघातांतून वांचलेला त्याचा जिवलग मित्र म्हणजे वर उल्लेखिलेला कॉनरॅड अँकर. पुढें त्यानें मित्राच्या पत्नीशीं विवाह केला आणि तिन्ही मुलगे आपले म्हणून वाढविले. सोळा वर्षांनीं, २०१६ मध्यें, बर्फ वितळून अ‍ॅलेक्सचा देह उघडा पडला आणि सारें कुटुंब त्यास अग्नि देण्यासाठीं तेथें गेलें. त्याचा थोरला मुलगा मॅक्स लो यानें २०२१ सालीं ‘टॉर्न’ या नांवाचा चित्रपट काढला. त्यांत तो स्वतःच्या आईला, सावत्र वडिलांना आणि भावांना कॅमेऱ्यासमोर बसवून, वीस वर्षें जें घरांत कोणीं बोललें नाहीं तें विचारतो. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसाला हें पाहतांना परकें कांहींच वाटणार नाहीं. घरांत एक जागा रिकामी झाली म्हणजे ती भरून काढणारालाही किती जपून बसावें लागतें, हें आपल्याकडील कोणत्याही थोरल्या काकूला ठाऊक आहे.

ओझें कोणाच्या पाठीवर?

शिखराचा मान एकाचा आणि ओझें दुसऱ्याचें, हा पर्वतांतला जुना अन्याय. १८ एप्रिल २०१४ रोजीं एव्हरेस्टच्या खुंबू हिमप्रपातांत बर्फाचा प्रचंड कडा कोसळला आणि सोळा नेपाळी कामगार मृत्यु पावले. ते शिखरावर निघाले नव्हते. दुसऱ्यांच्या छावण्यांसाठीं दोर, शिधा आणि सामान वाहून नेत होते. जेनिफर पीडम या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शिकेची मंडळी त्या वर्षीं शेरपांच्या बाजूनें मोहिमेचें चित्रण करण्यासाठीं तेथें गेलेली होती. त्यामुळें अपघातानंतरचा सारा क्षोभ त्यांच्या कॅमेऱ्यानें टिपला. मृतांच्या कुटुंबांस सरकारनें प्रथम देऊं केलेली रक्कम ४०,००० नेपाळी रुपये होती. शेरपांनीं त्या हंगामांत पुढें काम करण्याचें नाकारलें. त्यांच्या लढ्यानंतर विम्याची किमान रक्कम दहा लाखांवरून पंधरा लाख नेपाळी रुपयांवर गेली. ‘शेर्पा’ हा चित्रपट २०१५ सालीं निघाला. तो पाहिल्यावर एव्हरेस्टवरील विजयाचें कोणतेंही छायाचित्र आपण पूर्वींच्या डोळ्यांनीं पाहूं शकत नाहीं. छायाचित्राच्या चौकटीबाहेर कोण उभा आहे, हें मन शोधूं लागतें.

बर्फाची साक्ष

मनुष्याच्या डोळ्यास जें दिसत नाहीं तें कॅमेऱ्यास दिसतें, याचेंही एक उदाहरण द्यावयास हवें. जेम्स बेलॉग या छायाचित्रकारानें २००७ पासून हिमनद्यांच्या कांठीं स्वयंचलित कॅमेरे बसविण्यास आरंभ केला. ठराविक अंतरानें ते दिवसामागून दिवस, वर्षामागून वर्ष चित्रें घेत राहिले. तीं चित्रें एकापाठोपाठ एक पडद्यावर फिरविलीं तेव्हां, जी हिमनदी आपल्याला जागच्या जागीं गोठलेली वाटते, ती डोळ्यांदेखत मागें सरकतांना दिसूं लागली. २००८ च्या मे महिन्यांत ग्रीनलंडमध्यें एका हिमनदीचा जो भाग सुमारें सव्वा तास तुटून समुद्रांत कोसळत राहिला, तोही बेलॉगच्या साहाय्यकांनीं टिपला. २०१२ च्या ‘चेझिंग आइस’ या चित्रपटांत हें सारें आहे. हवामानबदलावर कितीही व्याख्यानें ऐकलीं तरी जें पटत नाहीं तें या चार क्षणांत पटतें. आणि आपल्या गंगा-यमुनांचा उगम हिमनद्यांतूनच असल्यामुळें ही बाब दूरदेशची म्हणून सोडून देतां येत नाहीं.

दुसरी बाजू

इतकें सांगून झाल्यावर या महोत्सवांतील उणीव झांकून ठेवणें योग्य नव्हे. सुंदर जागेचें चित्र दाखविलें कीं तेथें गर्दी लोटते. २२ मे २०१९ रोजीं एव्हरेस्टच्या माथ्याखालीं लागलेल्या माणसांच्या रांगेचें छायाचित्र जगभर पसरलें तें अनेकांना आठवत असेल. आपल्याकडे साताऱ्याजवळील कास पठार २०१२ सालीं पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादींत गेलें. फुलांच्या हंगामांत तेथें इतके लोक येऊं लागले कीं फुलें पायदळीं जाऊं नयेत म्हणून संख्येवर मर्यादा घालावी लागली. शिवाय असे अनेक चित्रपट दोर, बूट आणि तंबू विकणाऱ्या कंपन्यांच्या पैशावर निघतात. पैसा देणाराची सावली चित्रावर पडतेच. म्हणून चित्रपट कितीही डोळे दिपविणारा असला तरी तो विवेकानेंच पाहिला पाहिजे.

आपल्या गांवीं काय करतां येईल?

महाराष्ट्रांत डोंगरांचें वेड नवें नाहीं. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेचे आठ गिर्यारोहक १९ मे २०१२ रोजीं एव्हरेस्टवर पोहोंचले, आणि १५ मे २०१९ रोजीं त्याच संस्थेचे दहा जण कांचनगंगेवर. मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघांत भरणारें गिरिमित्र संमेलन डोंगरभटक्यांना परिचित आहे. जुलै २०२५ मध्यें मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादींत समाविष्ट झाले. त्यांपैकीं अकरा महाराष्ट्रांतील आहेत. हा मान मिळाल्यावर गडांवर जाणारांची संख्या वाढणार, हें उघड आहे. तेव्हां गड कसा पाहावा, हें शिकविण्याची वेळ आतांच आहे.

आमची सूचना अशी. प्रत्येक तालुक्याच्या गांवीं शाळेचें एखादें सभागृह असतेंच. पावसाळा संपल्यावर, सहामाही परीक्षा झाली कीं, एक शनिवार-रविवार धरून चार चित्रपट रीतसर परवानगी घेऊन दाखवावे. एक साहसाचा, एक माघारीचा, एक ओझें वाहणारांचा आणि एक निसर्गाच्या हानीचा. तरुणांबरोबर आजी-आजोबांनाही बोलवावें. मुलगी डोंगरावर जाऊं म्हणते तेव्हां परवानगी देणें-न देणें त्यांच्याच हातीं असतें. बचेंद्री पाल २३ मे १९८४ रोजीं एव्हरेस्टवर उभ्या राहिल्या, ही गोष्ट सांगून जें होत नाहीं तें दोर, गांठी आणि सुरक्षेची व्यवस्था प्रत्यक्ष पाहून होतें. भीति निम्मी तरी अज्ञानाची असते. उरलेली निम्मी शहाणपणाची असते, ती ठेवावी. चित्रपटानंतर जवळच्या गडाच्या पायथ्याशीं राहणाऱ्या, वाटसरूंना पाणी आणि भाकर देणाऱ्या माणसांपैकीं एखाद्याला व्यासपीठावर बसवून बोलतें करावें. डोंगरावर लोक आल्यानें त्यांचें काय बरें झालें आणि काय बिघडलें, हें त्यांच्याच तोंडून ऐकावें.

आणि तिसऱ्या दिवशीं सकाळीं सर्वांनीं मिळून त्या गडावर जावें. ज्यांना चढवत नाहीं त्यांनीं पायथ्याशीं बसून राहावें. जातांना पाण्याची बाटली न्यावी आणि येतांना, आपली तर आणावीच, पण दुसऱ्यानें टाकलेली एक तरी खालीं आणावी. इतकें झालें तरी तो महोत्सव साजरा झाला, असें आम्ही समजूं.